शेवटच्या ड्रिपरखालचा पेला

माझा स्वभाव तापट आहे असं सासरी तोंडावर म्हणतात, माहेरी कौतुकानं म्हणतात आणि ऑफिसात पाठीमागे म्हणतात. तो तापटपणा खरोखर कुणाच्या कामाला आला असता असा एकच दिवस माझ्या नोकरीत उगवला, आणि नेमकी त्या दिवशी मी तोंडाला कुलूप लावून बसले. त्याबद्दल लिहायचं बरीच वर्षं नाही, पण बरेच महिने टाळलं.

जळगावच्या एमआयडीसीत आमचं ऑफिस आहे. खाली डाळीचं गोदाम, वर आम्ही सातजण. डाळीची पूड जिन्यानं वर येते आणि आमच्या की-बोर्डांवर बसते, त्यामुळे गावातल्या इतर कंप्युटरवाल्यांपेक्षा आमच्या हाताला कायम जरा बेसनाचा वास असतो. आम्ही शेतात बसवायचे डबे बनवतो. आमचे साहेब त्याला इंग्रजीत तीन शब्दांचं नाव घेतात, गिऱ्हाईक डबा म्हणतं, आणि गिऱ्हाईकाचंच बरोबर आहे. डब्यात तळहाताएवढा एक बोर्ड असतो. त्यावर लिनक्स चालतं, म्हणजे तो एक लहानसा कंप्युटरच. शेतकऱ्यानं घरी खाटेवर बसून फोनवरचं बटण दाबायचं. मग डब्यानं विहिरीवरची मोटर सुरू करायची, ठिबकच्या हव्या त्या लाईनीचा वॉल, म्हणजे पाण्याची चावी, उघडायचा आणि वर कॅमेऱ्यातून त्याचं चित्रही पाठवायचं. कागदावर हे सगळं फार झकास चालतं. कागदाच्या बाबतीत साहेब तडजोड करत नाहीत, रिपोर्ट नेहमी जाड आणि गुळगुळीत कागदावर निघतो.

माझं काम मोजण्याचं. नवा बोर्ड आला की त्याच्या नेटवर्कमधून दर सेकंदाला किती माल जातो ते मोजायचं. पद्धत सोपी आहे. एका टोकाला बोर्ड, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप, मधे तार. एकानं अखंड बोलत राहायचं, दुसऱ्यानं ऐकत राहायचं, आणि किती ऐकू आलं त्याचा आकडा पडद्यावर उमटतो. लग्नाच्या बोलणीत दोन्हीकडची मंडळी एकाच वेळी बोलतात तशी एक वेगळी टेस्टही असते, पण ती आम्ही क्वचित करतो, कारण तिचा आकडा चांगला येत नाही.

पहिला डबा घ्यायला तयार झाले ते यावलकडचे एक आबा. सत्तरीचे, गुडघ्यांनी हैराण, केळीचा बाग मोठा, आणि दोन्ही मुलं बाहेरगावी, एक पुण्याला आणि एक सुरतेला. बागेचं सगळं बघायचा तो त्यांचा सालदार. आमच्याकडे सालदार वर्षाच्या बोलीनं ठेवतात आणि ती बोली आखाजीला होते. अक्षय तृतीयेला बाकी महाराष्ट्र सोनं घेतो, आम्ही खान्देशी लोक लेकी माहेरी आणतो आणि सालदार ठरवतो. एकदा आखाजीला शब्द गेला की पुढच्या आखाजीपर्यंत तो शब्द मोडत नाही, ना मालक, ना सालदार.

हा सालदार मूळचा शिरपूरकडचा. बारा वर्षं आबांकडे. विहिरीजवळच्या खोलीत बायको आणि मुलीसह राहायचा. मुलगी गावातल्या शाळेत सातवीला. मार्च महिन्यात मी जागा बघायला गेले तेव्हा त्यानंच मला सगळा बाग फिरवून दाखवला. कुठली लाईन कुठून निघते, कुठल्या कोपऱ्यात दाब कमी पडतो, कुठल्या नळीला खारी कुरतडतात, सगळं त्याच्या बोटांवर. त्याच्या बायकोनं काळा चहा दिला. मी कप खाली ठेवला तेव्हा तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "ताई, आबांनी सांगेल शे. डबा पास व्हयना तर आखाजीले मनं साल नही."

म्हणजे डबा पास झाला तर ह्या माणसाचं साल, खोली आणि मुलीची शाळा तिन्ही जाणार होतं. मी म्हटलं, "अहो, डबा काय केळीच्या बुडाला फुटलेली पिलं काढणार आहे का? माणूस लागणारच." तो हसला. आबांचा हिशेब वेगळा होता हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पाणी सोडायचं काम डबा करणार असेल, तर बाकी कामाला रोजंदारीची माणसं मिळतात.

टेस्टच्या दिवशी जळगावचं ऊन असं होतं की दुपारी रस्त्यावर फक्त कर्ज वसुलीवाले आणि आमच्यासारखे नोकरदार. ऑफिसात एसी एकच आणि तो साहेबांच्या केबिनमध्ये. बाकीच्यांना एक कुलर. बोर्ड तापला की मंदावतो, म्हणून कुलर बोर्डाकडे वळवला आणि आम्ही सातजण त्याच्या मागे उभे राहिलो. बोर्डाला वाळ्याचा गार वारा, आणि मोजणारी घामानं निथळतेय. रिपोर्टमध्ये 'रूम टेंपरेचरला चाचणी' असं लिहायचा आमचा रिवाज आहे. कुणाच्या रूमचं ते लिहायचा नाही.

टेस्ट एका छोट्या प्रोग्रामनं चालते. तो प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. आधी तो नीट चालतो का हे बघायला मी लॅपटॉपचा पत्ता न घालता बोर्डाचा स्वतःचाच पत्ता घातला. प्रत्येक कंप्युटरला स्वतःला हाक मारण्यासाठी एक ठरलेला पत्ता असतो. त्यावर बोललं की तार, लॅपटॉप, बाहेरचं जग, कशाचीच गरज लागत नाही; तोच बोलतो आणि तोच ऐकतो. प्रोग्राम चालला. आता पत्ता बदलून खरी टेस्ट करायची, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात खालून डाळवाल्यांनी ट्रक आडवा लावला, माझी स्कूटी अडकली, मी भांडायला खाली गेले. भांडणात मला नेहमीच वेळ लागतो. वर आले, घाम पुसला आणि प्रोग्राम सुरू केला. पत्ता बदलायचा राहून गेला होता.

पडद्यावर आकडा आला तीन हजार दोनशे आणि वर काही.

बोर्डाच्या जोडणीतून दर सेकंदाला जास्तीत जास्त एक हजार जाऊ शकतं. हे पुस्तकात लिहिलंय, बोर्डाच्या खोक्यावर लिहिलंय, मला तर झोपेतही सांगता येतं. मी "थांबा, पुन्हा बघते" म्हणाले. पण साहेब माझ्या मागे उभे होते आणि त्यांच्या हातात फोन होता. त्यांनी फटकन पडद्याचा फोटो काढला. "तिप्पट!" ते म्हणाले. "मॅडम, तिप्पट!" मी पुन्हा काही बोलणार तोवर फोटो कंपनीच्या ग्रुपवर गेला, तिथून उद्योजकांच्या ग्रुपवर, तिथून त्यांच्या साडूच्या ग्रुपवर. अर्ध्या तासात पेढे आले. आकडा पेढ्यांच्या आधी तपासावा लागतो. पेढे खाल्ल्यावर तपासणं म्हणजे खाल्ल्या पेढ्याला नावं ठेवणं, आणि ते आपल्याकडे फार वाईट दिसतं.

मनात म्हटलं, सोमवारी नीट करू. सोमवारी साहेबांनी मला 'टेक्निकल हेड' केलं आणि टेबलावर नावाची पाटी ठेवली. पाटीमुळे माझ्या कामात काहीच फरक पडणार नव्हता, फक्त आता चुका माझ्या नावावर पडणार होत्या. तो मुद्दा तेव्हा माझ्या लक्षात आला नाही. मला पाटी आवडली होती, हे कबूल केलेलं बरं.

आखाजीला पाच दिवस राहिले असताना आबा ऑफिसात आले. काठी टेकत जिना चढले, पाणी प्यायले आणि सरळ विषयाला आले. साहेबांनी गुळगुळीत रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवून तीन हजाराच्या आकड्यावर बोट ठेवलं.

आबांनी चष्मा काढून पुसला. "आन ह्या तारीतून जाऊ किती शकतं?"

"एक हजार," मी म्हणाले. विचारलं म्हणून खरं सांगितलं.

"मंग पाईप एक इंचाचा आन त्याच्यातून पानी तीन इंचाचं निंघालं म्हनता. आसं कसं व्हईन, पोरी?"

सातवी शिकलेल्या माणसानं एका वाक्यात माझ्या चुकीवर बोट ठेवलं होतं. त्या क्षणी बोलायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण साहेब खुर्चीतून पुढे झुकले आणि म्हणाले, "आबा, हे डिजिटल पाणी आहे. ह्याला पाईपाचा नियम लागत नाही."

मी ह्या वाक्यावर एरवी टेबल उलटं केलं असतं. आबा साहेबांकडे बघतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. "पोरी, तू सांग. तू मोजलं ना? चालीन का डबा? मले आखाजीले सालदाराले हो का नाही ते सांगायचं आहे."

मला सालदार आठवला, चहा आठवला. पाटीही दिसत होती. धुळ्याहून नानांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आदल्याच दिवशी फोन आला होता की गल्लीतलं मंडळ सत्कार करणार आहे. आणि मी स्वतःला असं समजावलं की आकडा चुकला म्हणून डबा चालणार नाही असं थोडंच आहे? हजार नाही तर नऊशे, नऊशे नाही तर पाचशे, वॉल उघडायला तेवढं रग्गड झालं. ही पळवाट मी एका सेकंदात शोधली. हुशारी असली की अशा वेळी फार उपयोगी पडते.

"चालेल, आबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि काठी उचलली.

आखाजीला मी धुळ्याला गेले. गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स. त्यावर माझा लग्नातला फोटो, कारण नानांकडे दुसरा चांगला नव्हता. फोटोतला नवरा कापलेला, पण त्याचा एक खांदा राहून गेलेला. आणि खाली लालभडक अक्षरात तो आकडा. कशाचा आकडा, ते कुठेच लिहिलं नव्हतं. येणारे जाणारे थांबून वाचायचे. एकानं विचारलं, परीक्षेत पडले का एवढे मार्क? दुसऱ्याला वाटलं मतं पडली.

"नाना, हे तीन हजार कशाचं आहे ते तरी लिहायचं," मी म्हणाले.

"ते लोकेस्ले काय समजस?" नाना म्हणाले. "आकडा मोठा शे, बस. मनी पोरना आकडा शे. बठ्ठास्नी वाचाले पाहिजे."

संध्याकाळी सत्कार. साडी, नारळ, हार. मंडळाचे अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले. त्यांना माझ्या कामातलं काही माहीत नव्हतं ते एक बरं, कारण मला स्वतःलाही त्या दिवशी ते नीट माहीत नव्हतं. ते मंडळाच्या कामाबद्दल बोलले, मग उपाध्यक्ष अध्यक्षांबद्दल बोलले, मग अध्यक्षांनी उपाध्यक्षांचे आभार मानले. सगळ्यांनी आपापली पाठ थोपटून घेतली. मी हार घालून, खापरावरचे मांडे आणि आमरस पोटात घेऊन, सुस्तावून बसले होते. खोटं सांगत नाही, मला छान वाटत होतं. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तर मलाही वाटलं की असेल बुवा, तीन हजार असेल.

त्याच दिवशी यावलला आबांनी सालदाराला नाही म्हणून सांगितलं. त्यानं दुसऱ्या दिवशी टेम्पोत सामान भरलं आणि शिंदखेड्याकडच्या एका शेतकऱ्याकडे गेला. हे मला चार दिवसांनी, डबा बसवायला गेले तेव्हा कळलं. खोलीला कुलूप होतं. दारापुढे मुलीनं खडूनं आखलेल्या चौकटी तशाच होत्या.

डबा विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवला. आबांच्या घराच्या गच्चीवर अँटेना, शेडवर दुसरी, मधे अर्धा मैल केळी. आबांनी खाटेवरून फोनवर बटण दाबलं. मोटर सुरू झाली, एक नंबरचा वॉल उघडला. माझ्या जिवात जीव आला. दोन नंबरला बटण दाबलं, काहीच नाही. पुन्हा दाबलं, काही नाही. कॅमेऱ्याच्या चित्रात एक कावळा अर्धवट उडून थांबलेला दिसत होता. तो दहा मिनिटं तसाच हवेत होता.

मी डबा उघडला, तारा हलवल्या, बंद करून चालू केला. अडलेल्या इंजिनियरचा हा शेवटचा मंत्र आहे. आबा तोवर चालत बागेत आले. त्यांनी डब्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. हातात स्टीलचा पेला होता. ते सरळ एक नंबरच्या लाईनीच्या टोकाला गेले, शेवटच्या ड्रिपरखाली पेला ठेवला आणि हातातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. ठिबक तपासायची आमच्याकडे हीच रीत आहे. मोटरच्या तोंडाशी पाण्याची धार सगळ्यांचीच जोरात असते. लाईन बरी की वाईट ते शेवटच्या झाडाला विचारायचं.

"मोजायचं आसलं तर अठी मोजावं, पोरी," ते म्हणाले. "मोटरच्या तोंडाशी मोजून काय फायदा? तू कुठी मोजलं व्हतं?"

मी शेडमध्ये जाऊन लॅपटॉप उघडला. प्रोग्राम वाचायला सुरुवात केली आणि चौथ्याच ओळीवर थांबले. पत्ता बोर्डाचा स्वतःचाच. मी मोटरच्या तोंडाशीही मोजलं नव्हतं. मोटर विहिरीतलं पाणी विहिरीतच ओतत होती आणि मी त्याचा आकडा घेऊन धुळ्याला हार घालून आले होते.

पत्ता बदलला. गच्चीवरच्या टोकाला जोडलं. आता खरी टेस्ट, भर दुपारी, पत्र्याखाली, कुलर नसताना, केळीतून. पडद्यावर अकरा आलं. मग चार. मग शून्य. मग पुन्हा चार. केळीची पानं पाण्यानं भरलेली असतात, अँटेनाच्या लहरी त्यांत मुरतात. आणि पत्र्याखाली बोर्ड एवढा तापला होता की त्यावर भाकरी शेकली असती. यातलं एकही कारण नवं नव्हतं. मार्चमध्येच इथे येऊन अर्धा तास मोजलं असतं तर हे सगळं दिसलं असतं. तेव्हा सालदाराचं सालही होतं.

मी बागेत जाऊन आबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पत्त्याचं सांगितलं, पेढ्यांचं सांगितलं, पाटीचंही सांगितलं. "तुम्ही विचारलं तेव्हा मला शंका होती. तरी मी हो म्हणाले."

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं. ते पेल्याकडे बघत म्हणाले, "मी साहेबाले नई इचारलं. तुले इचारलं व्हतं." मग त्यांनी माझ्यासमोरच सालदाराला फोन लावला. त्याचं पलीकडचं बोलणं ऐकू आलं नाही. आबा दोनदा "बरोबर आहे" म्हणाले आणि फोन ठेवला. "तो तिकडं शब्द देऊन बसला. आखाजीचा शब्द आहे. आता वरीसभर तो येत नई, आन मी त्याले ये म्हनू शकत नई."

उन्हाळ्यात केळीला दोन दिवस पाणी चुकलं तर घड माना टाकतात. रोजंदारीवर पाणी सोडणारा विश्वासाचा माणूस मिळेना, कारण सगळी विश्वासाची माणसं आखाजीला कुठे ना कुठे बांधली गेली होती. मी ऑफिसात जाऊन साहेबांना खरा आकडा सांगितला. साहेबांनी गुळगुळीत रिपोर्ट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला. मग म्हणाले, "रिपोर्ट बदलायचा नाही. परिस्थिती बदलायची."

परिस्थिती बदलायची म्हणजे मी रोज सकाळी तापी ओलांडणाऱ्या यावलच्या बसमध्ये बसायचं, आबांच्या बागेत जायचं, आणि आबांनी खाटेवरून बटण दाबलं की माझ्या फोनवर निरोप यायचा आणि मी पळत जाऊन वॉल उघडायचा. साहेबांच्या भाषेत ही 'तात्पुरती मानवी जोडणी' होती. मी मुकाट्यानं गेले. साहेबांसाठी नव्हे; केळी सुकताना बघवत नव्हती. नव्या पदावर माझं पहिलं काम चिखलात उभं राहणं हे होतं, आणि खरं सांगते, मोजायला लागल्यापासून इतकं प्रामाणिक काम मी केलं नव्हतं. एका सकाळी बसमधूनच खरे आकडे, अकरा आणि चार आणि शून्य, मी कंपनीच्या ग्रुपवर टाकले. खाली तीन अंगठे आले आणि एका गृहस्थानं गुलाबाचं फूल टाकून सुप्रभात म्हटलं.

आठवड्यानं साहेब रावेरकडच्या चार बागायतदारांना डबा दाखवायला घेऊन आले. पाहुणे आबांच्या ओट्यावर, आबा खाटेवर, मी अर्ध्या मैलावर केळीत. एक नंबर. उघडला. दोन नंबर. उघडला. साहेबांचा फोटोग्राफर फोनवरून वाहवा कळवत होता. तीन नंबर. त्या पट्ट्यातले घड उतरले होते, म्हणून आठवडाभर हा वॉल उघडायची वेळच आली नव्हती; बघते तर दांडी आधीच पाईपाच्या रेषेत सरळ. वॉलची दांडी सरळ म्हणजे उघडा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पाणी नाही. दांडी आणखी दाबून बघितली, पाणी नाही. साहेबांचा फोन आला, दबक्या आवाजात, "मॅडम, तीन नंबर!" मी म्हटलं, "उघडाच आहे!" पलीकडे साहेब पाहुण्यांना सांगताना ऐकू आले की सर्व्हरवर लोड आहे.

मग आबांचा आवाज आला, चांगला मोठा. "बाप्पा, सर्व्हर बिर्व्हर काय नई. पानी सोडनारी पोरगी तिकडं केयीत उभी आहे उन्हात. आधी तिले कोनी पानी द्या."

पाहुणे चहा पिऊन गेले. साहेब त्यांच्यामागून गेले, माझ्याशी न बोलता. आबा काठी टेकत बागेत आले, तीन नंबरची लाईन बघितली. माती भेगाळली होती. "माह्या हातून बी उघडत नई हा," ते म्हणाले. "त्याचं त्यालेच माहीत. लाव त्याले फोन." आणि त्यांनी नंबर सांगितला.

आठ दिवस मी तो फोन टाळत होते. रोज बसमध्ये वाक्यं जुळवायचे आणि रोज यावल यायचं. आता आबा समोर उभे होते. मी फोन लावला.

पलीकडे मोटरचा आवाज. मग तो. "ताई का? डबावाल्या ताई? केळी कशी शे ताई? शेवटली लाईनले पानी पोचस का?"

मी तीन नंबरचं सांगितलं. तो मोठ्यानं हसला. "ती दांडी उलटी शे ताई. मागला साले मोडनी, मी आडवी बसाडी. आडवी म्हनजे उघडी. सांगानं राही गयं."

एवढ्यावर फोन ठेवता आला असता. दांडी कळली होती. पण मी एकदा गप्प बसले होते, ते पुरे होतं. "दादा," मी म्हणाले, "डबा चालत नाही. तेव्हाही चालणार नव्हता. मी मोजलंच नव्हतं नीट. आबांनी विचारलं आणि मी नुसतं 'चालेल' म्हटलं. त्यामुळे तुमचं साल गेलं."

पलीकडे मोटर चालूच होती.

"आखाजीले बायको लई रडनी, ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "पोरनी शाळा सुटनी ना. मी तिले सांगं, रडू नको, ताईनी मोजेल शे. ताईनी मोजेल शे मंग खरंच व्हई."

मला शरमेनं काही दिसेना.

"जा ताई, उघाडा," तो म्हणाला. "ऊन चढी राहिनं."

मी फोन कानाशी धरूनच वाकले आणि दांडी आडवी केली. पाईपात आधी हवा घुमली, मग पाणी आलं.

"उनं का?" त्यानं विचारलं.

"आलं," मी म्हणाले, आणि लाईनीच्या शेवटच्या ड्रिपरकडे चालू लागले.